गोठ्यातला तास

"केंद्रे, तुमच्याकडं कोण कण्हतंय?" स्वामी सरांनी शिकवता शिकवता मध्येच थांबून विचारलं.

मी गोठ्यात गव्हाणीच्या काठावर बसले होते. मोबाइल समोरच्या मेढीला सुतळीनं बांधलेला. आमच्या वाडीत नेट नीट मिळण्याची तेवढीच एक जागा होती. घरात आवाज तुटायचा, अंगणात चित्र गोठायचं, आणि गोठ्यात मात्र, का कोण जाणे, सगळं स्वच्छ यायचं. त्यामुळे लॉकडाऊन लागून कॉलेज बंद झाल्यापासून माझं पशुवैद्यकीचं चौथं वर्ष गुंजीच्या शेजारी बसून चाललं होतं.

"सर, आमची गाय आहे. गुंजी."

"आजारी आहे?"

"नाही सर. व्यायला झालीय. सकाळपासून कळा देतेय."

"पाण्याची पिशवी फुटली?"

"हो सर. तुमचा तास सुरू व्हायच्या बरंच आधी."

मोबाइलवर सरांच्या चौकोनात नेहमीप्रमाणे त्यांच्या छताचा पंखा फिरत होता. डॉ. वैजनाथ स्वामी आम्हाला प्रसूतिशास्त्र शिकवायचे आणि हे नेटवरचं शिक्षण त्यांना अजिबात मान्य नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "गाईच्या पोटात कॅमेरा जात नाही, हात जातो. वरून हुकूम आहे म्हणून मी बोलणार, तुम्ही ऐका." त्यानंतर त्यांनी मोबाइल टेबलावर आडवा ठेवला तो ठेवलाच. आम्ही पंखा बघत प्रसूतिशास्त्र शिकत होतो.

"आणि हे तू मला आत्ता सांगायलीस?" सर म्हणाले. एरवी ते पुस्तकी, इंग्रजीमिश्रित बोलायचे. चिडले की लातूरकडची बोली वर यायची. "बाहेर काय दिसायलंय?"

"एक खूर, सर. थोडासाच. मघापासून तेवढाच आहे."

"तालुक्याचे डॉक्टर?"

त्यांनाच फोन लावायला दादा बांधावर गेले होते. दादा म्हणजे माझे वडील. मी उत्तर देईपर्यंत ते आत आलेही. डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला एका अडलेल्या म्हशीपाशी होते, तिथून निघायलाच दुपार टळणार होती आणि मधल्या दोन गावांनी बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून रस्त्यावर बाभळी आडव्या टाकल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बघतो, म्हणाले होते.

मी ते सरांना सांगितलं.

"बाकीच्यांनी माइक बंद करा," सर म्हणाले. "केंद्रे, तुझी नखं कापलेली आहेत का?"

मला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. "सर, मी?"

"तुझ्या गोठ्यात दुसरं कोण आहे?"

खरं सांगायचं तर अडलेल्या गाईत मी तोवर कधीच हात घातला नव्हता. कॉलेजच्या दवाखान्यात अशी केस आली की सर ॲप्रन चढवायचे, आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती कोंडाळं करायचो. पुढच्या पोरांना त्यांचं कोपर दिसायचं. आम्हा मुलींना पाठ. सरांचा हात आत जायचा, डोळे अर्धवट मिटायचे, ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचे आणि थोड्या वेळात वासरू बाहेर. शेतकरी त्यांच्या पाया पडायचे. गाडीत गाय घालून दोन जिल्ह्यांतून लोक यायचे ते त्या हातासाठी. मग सर हात धुताधुता आम्हाला सांगायचे, आत काय होतं ते. आम्ही लिहून घ्यायचो.

दादा माझ्याकडं बघत होते. "तू घालणार व्हय हात? अगं, तू अजून डॉक्टर कुठं झालीस? गाईला काही झालं म्हंजे?"

गुंजी लाल कंधारी जातीची. दादांनी तिला कालवड असल्यापासून वाढवलेली. त्यांची हाक ऐकली की रानातून धावत यायची. त्यांनी मला विचारलं ते काही चुकीचं नव्हतं. मलाही तोच प्रश्न पडला होता.

"दादा, नमस्कार," मेढीवरचा मोबाइल बोलला. "मी हिचा मास्तर. संध्याकाळपर्यंत थांबलात तर वासरू जाणार, आणि गाईचंही सांगता येत नाही. पोरीला हात घालू द्या. मी बोलत राहतो."

दादा मोबाइलजवळ गेले. वाकून बघितलं. आत पंखा फिरत होता.

"साहेब, तुम्ही कुठं हायसा?"

"लातूरला. घरी."

"तितक्या लांबून?"

"हो."

दादांनी गुंजीच्या कपाळावरून हात फिरवला. तिनं मान त्यांच्या छातीला लावली आणि एक लांब कळ दिली. तिचं सगळं अंग ताठलं, मग सैलावलं. खूर तेवढाच राहिला.

"घाल," दादा म्हणाले.

मायनं गरम पाणी आणलं, नवा साबण फोडला, गोडेतेलाची वाटी आणली. मी खांद्यापर्यंत हात धुतला. मोबाइल धरायचं काम मायकडं आलं. तिनं तो मोठ्या उत्साहानं गाईच्या मागं नेऊन धरला.

"ताई, गाईकडं नको," सर म्हणाले. "तिच्या तोंडाजवळ धरा. मला काही बघायचं नाही. बघून त्यातलं काही कळत नसतं."

मी हात आत घातला.

आत काय असतं ते मला चित्रातून पाठ होतं. पण चित्रात ऊब नसते. चित्रात कळ येत नाही. पहिलीच कळ आली आणि माझं मनगट असं आवळलं गेलं की बोटं जाग्यावर मेली. ओसरली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवून काही उपयोगच नव्हता.

"काय लागायलंय?"

"पाय, सर."

"किती?"

"एक. नाही, दोन. दोन पाय."

"डोकं?"

"नाही लागत."

"पायांच्या वर बघ. मधे बघ."

"नाही सर. डोकं नाहीये."

कुणाचा तरी माइक चालू झाला. फरहान सौदागर. आमच्या वर्गात पहिला यायचा. सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं. "सर, मान वळलेली असणार. पुढचे पाय आलेत, डोकं बाजूला राहिलंय."

"बरोबर," सर म्हणाले. "सगळ्यात जास्त हेच बघायला मिळतं. केंद्रे, कळ ओसरली की वासराला आत ढकल. पायावरून छातीपर्यंत जा, तिथून मान शोध. आधी डावीकडं."

मी ढकललं. डावीकडं गेले. ओलं, गुळगुळीत, केसाळ असं काहीतरी हाताखालून जात होतं आणि त्याला शेवट नव्हता. मान लागेना. उजवीकडं गेले. तिकडंही नाही. कळ आली की थांबायचं, दात आवळायचे, ओसरली की पुन्हा. खांद्यात कळा यायला लागल्या. घाम डोळ्यांत उतरत होता आणि माय पदरानं तो पुसत होती.

"सर, मान लागत नाही."

"लागेल. अजून आत जा."

गेले. कान गाईच्या अंगाला चिकटला इतकी आत गेले.

"नाही लागत, सर."

"नीट शोध. तुझा हात बारीक आहे, तुला तर..."

"सर, मानच नाहीये!"

"मान नसलेलं वासरू नसतं, केंद्रे."

कुणीतरी हसलं. लगेच माइक बंद झाला. गुंजीनं पाय दुमडले आणि खाली बसायला लागली. दादांनी तिला खांद्यानं टेकू दिला, "उभी राहा माय, उभी राहा" म्हणत राहिले. माझ्या डोळ्यांत आता घामाशिवायही पाणी आलं होतं. मला वाटायला लागलं की मान आहे, मलाच ती ओळखू येत नाहीये. बाकी कुणालाही ती आतापर्यंत सापडली असती.

मोबाइलमधून काहीच येईना. मायला वाटलं, फोन कट झाला. "सर, हायेत का?"

"आहे, ताई."

आवाज बदलला होता. एकदम खाली आला होता.

"प्रणिता," ते म्हणाले. तोवर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. "मी सांगितलेलं सगळं विसर. आत मी नाही, तू आहेस. आता पहिल्यापासून सांग. कशाचं नाव घेऊ नको. पाय म्हणू नको, मान म्हणू नको. नुसतं कसं लागतंय ते सांग."

मी हात थोडा मागं घेतला. खुरापाशी आले.

"दोन खुरं आहेत. वेगवेगळी. एक उजवीकडं, एक डावीकडं."

"उजवीकडचं धर. वर सरक. पहिला सांधा आला? वाकव. कुणीकडं वाकतो?"

"तळव्याच्या बाजूला."

"अजून वर. दुसरा सांधा?"

"आला. पुढून रुंद आहे, सपाट. वाकवते... हाही तिकडंच वाकतो."

"दोन्ही एकाच बाजूला?"

"हो सर."

"तो पुढचा पाय. आता डावीकडचा."

मी डावं खूर धरलं. वर सरकले. "पहिला सांधा, तळव्याकडं. दुसरा..." मी थांबले. "सर, ह्याला मागं टोक आहे. हाडाचं. आपल्या टाचेसारखं. आणि हा उलटीकडं वाकतोय."

"परत बघ."

"उलटीकडंच."

"परत."

"सर, उलटीकडंच वाकतोय. टोक आहे. माझ्या तळहातात बसलंय ते."

माय मोबाइलकडं बघत होती, माझ्याकडं बघत होती.

"म्हणजे एक पाय पुढचा आणि एक मागचा," सर सावकाश म्हणाले. "कसं असेल हे?"

"सर, तुम्ही सांगा."

"मला माहीत नाही. तू सांग. काय काय असू शकतं?"

एवढ्या वेळात पहिल्यांदाच मी घाबरायचं विसरले. एखादं कोडं हातात यावं तसं ते हातात आलं होतं, आणि ते सुटेपर्यंत हात बाहेर काढावासा वाटेना. "सर, एकच वासरू आडवं असेल तर चारही पाय गर्भाशयाच्या तोंडाशी येतील. किंवा... किंवा दोन असतील."

"मग कसं ओळखशील?"

"दोन्ही पायांवरून वर जायचं. एकाच धडाला जातात का बघायचं."

"जा."

मी डाव्या पायावरून वर गेले. टोक ओलांडलं, मांडी आली, मांडीच्या वरून बोटं पुढं सरकली आणि एक बारीक, ओली, लवचीक दोरी बोटांत आली.

"शेपूट!" मी ओरडले. "सर, शेपूट आहे!"

"शाब्बास. आता उजवा."

उजव्यावरून गेले. गुडघा, दंड, मग छातीच्या फासळ्या, बारीक बारीक, फणीच्या दात्यांसारख्या. आणि फासळ्या आणि ती शेपटीवाली मांडी यांच्या मधोमध माझा हात आरपार जात होता.

"मधून हात जातोय सर. हे वेगळं आहे, ते वेगळं आहे. दोघं आहेत!"

"दोन?" दादांनी गुंजीच्या पलीकडून मान वर काढली. "दोन हायेत?"

"ज्याची शेपूट लागली त्याचा पाय चिमट," सर म्हणाले. "खुराच्या बेचक्यात. जोरात."

चिमटा काढला. पाय झटकन आत ओढला गेला.

"ओढला सर!"

"मग आता रडायचं नाही. ते आधी बाहेर येणार. पुढच्या पायवाल्याला मागं सार, वाट मोकळी कर. दादा, दोरी आहे? सुती? कढत पाण्यातून काढा."

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. त्या वासराचा दुसरा मागचा पाय जरा आतच होता, तो तळव्यात झाकून बाहेर आणला. दोन्ही पायांना दोरीचे फास बसवले. सरांनी बजावलं की वासरू उलटं येतंय, डोकं शेवटी राहणार, नाळ मधेच दबणार, म्हणून एकदा कंबर बाहेर आली की थांबायचं नाही. कळ आली की ओढायचं, कळ गेली की दम घ्यायचा. दादा एक दोरी, मी एक. माय मोबाइल धरून ओरडत होती, "आली, सर, कळ आली!" आणि सर तिकडून ओरडत होते, "ओढा!" शेजारच्या आळीतली माणसं कुंपणाशी जमली होती, पण त्या दिवसांत कुणी कुणाच्या दारात येत नव्हतं. तिथूनच बघत होती.

कंबर आली. मग एकदम सगळंच आलं आणि मी गवतावर आडवी पडले, मांडीवर वासरू. लाल, चिंब, आणि हलत नव्हतं.

"तोंडातला चिकटा काढ. नाक पूस. पोत्यानं अंग चोळ, जोरात चोळ. गवताची काडी नाकात घाल."

दादा चोळत होते. मी काडी घातली. काही नाही. दुसरी, जरा खोल. वासराचं नाक आक्रसलं, ते शिंकलं, आणि मग त्यानं असा काही श्वास ओढला की त्याच्या फासळ्या मोजता आल्या असत्या.

सगळ्यांचे माइक एकदम चालू झाले. टाळ्या, आरडाओरडा, कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी. कुणाची तरी आजी विचारत होती, "झालं का गं बाई?"

"गप्प!" सर म्हणाले. "प्रणिता, दुसरं."

दुसरं सोपं होतं. पुढचे पाय, त्यावर मघाशी पहिल्याच्या धडाआड राहिलेलं डोकं, चित्रातल्यासारखं सरळ. जवळजवळ आपलं आपणच आलं. कालवड होती. तिचंही तोंड पुसलं, काडी घातली, चोळलं. मी तिच्या छातीला कान लावला. माझ्याच हृदयाचे ठोके ऐकू येत होते, दुसरे नाही.

"काय आहे?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"अजून थोडं चोळ."

चोळलं. दादाही चोळत राहिले, आम्ही थांबलो तरी. शेवटी मायनं मोबाइल खाली ठेवला आणि त्यांच्या दंडाला धरलं.

तिकडं गुंजी पहिल्या गोऱ्ह्याला चाटत होती. दुसरीकडं तिनं बघितलंही नाही.

"गाईला पाणी पाज," मोबाइल गवतातून बोलला. "वार पडते का लक्ष ठेव. आजचा धडा वार पडण्याचाच होता." मग जरा थांबून म्हणाले, "वर्ग संपला."

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला तेव्हा पंख्याच्या जागी सरांचा चेहरा होता. इतक्या जवळून आम्ही तो कुणीच पाहिला नव्हता. दाढी वाढलेली, चष्म्याच्या काड्या पांढऱ्या पडलेल्या.

"काल मी आधी उत्तर दिलं आणि मग प्रश्न विचारला," ते म्हणाले. "त्यात बराच वेळ गेला. दुसऱ्या वासराच्या पायाला चिमटा काढून बघायला सांगायचंही मला सुचलं नाही. कालवड त्या वेळात गेली की आधीच गेली होती, हे आता कळायला मार्ग नाही. हे लिहून घ्या." आणि त्यांनी पुढचा धडा सुरू केला.

त्यानंतर काही आठवड्यांनी अधिष्ठाता मॅडमनी नेटवर एक बैठक बोलावली. डॉ. लिखिते मॅडम. बाई मनानं चांगल्या होत्या. आमचं वर्ष वाया जाऊ नये एवढीच त्यांची धडपड होती. कॉलेज कधी उघडेल कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि प्रात्यक्षिकं पुरी झाल्याशिवाय आम्ही पुढच्या वर्षात जाऊ शकत नव्हतो. त्यांचा प्रस्ताव असा होता की प्रात्यक्षिकंही नेटवरच घ्यावीत आणि ती पूर्ण झाली असं धरावं. उदाहरण म्हणून त्यांच्याकडं गुंजीच्या गोठ्यातला तास होता. तो आपोआप ध्वनिमुद्रित झाला होता. मॅडमनी तो ऐकवला. माझाच "शेपूट!" असा चिरका आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"प्रणिता," मॅडम म्हणाल्या, "तू तेव्हा कॉलेजात असतीस आणि दवाखान्यात हीच केस आली असती, तर याहून जास्त शिकली असतीस का?"

माझ्या मनात काही हेतू नव्हता. त्यांनी विचारलं, मी जसं होतं तसं सांगितलं.

"नाही मॅडम. कॉलेजात असते तर मी मागं उभी असते. हात सरांनी घातला असता. सरांना लगेच कळलं असतं, दुसरं वासरूही वाचलं असतं. आणि मग सरांनी आम्हाला सांगितलं असतं, की जुळी होती."



"म्हणजे नेटवरचंच शिक्षण बरं, असं तुझं म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

"ते मला माहीत नाही, मॅडम. हात एकटीचा होता. बाकीचा सगळा वर्ग ऐकत होता. त्यांच्या हाताला काय लागलं?"

"काहीच नाही," फरहान म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "मी तर मान वळलीय म्हणालो होतो. मला त्या दिवशी फक्त एवढं कळलं की मला कळत नाही."

मॅडम स्वामी सरांकडं वळल्या, म्हणजे पडद्यावर त्यांचं नाव घेतलं. नेटवरच्या शिक्षणाला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. आता ते तडकाफडकी नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

"मला विचार करायला वेळ द्या," सर म्हणाले, आणि त्यांचा चौकोन काळा झाला.

शेवटी ठरलं ते असं की लेखी तास नेटवर चालू राहतील आणि प्रात्यक्षिकं कॉलेज उघडल्यावर जादा तास घेऊन पुरी करायची. सर त्या चर्चेत पुन्हा काही बोलले नाहीत. मला आतून कुरतडत राहिलं. मी त्यांना दुखावलं का? फोन करावा का? पण करून काय म्हणणार होते? मी खोटं तर बोलले नव्हते.

कॉलेज उघडलं ते थंडी सरत असताना. आम्ही सगळे मास्क लावून, एकमेकांना डोळ्यांवरून ओळखत दवाखान्यात जमलो. दुसऱ्याच दिवशी टेंपोत घालून एक म्हैस आली. पहिलारू, आदल्या रात्रीपासून अडलेली. मालक उंच, आडदांड माणूस होता आणि त्याच्या ओठांवर सरांचंच नाव होतं. "स्वामी साहेब आहेत ना? मी त्यांच्यासाठीच आलो."

सवयीनं कोंडाळं झालं. सवयीनं मी मागं राहिले. सर आले, घड्याळ काढून खिशात टाकलं, ॲप्रन बांधला, हात खांद्यापर्यंत साबणानं माखला. आम्ही वाट करून दिली. ते म्हशीच्या मागं जाऊन उभे राहिले.

आणि तसेच उभे राहिले. साबणाचा हात हवेत.

मग वळले. "फरहान, ये."

फरहान दचकला. "मी, सर?"

"नखं बघ आधी."

सरांनी बाजूची बादली पालथी केली आणि तिच्यावर बसले. म्हशीकडं पाठ करून, तोंड आमच्याकडं. कोपरापासून फेस खाली ओघळत होता.

"कोंडाळं मोडा," ते आम्हाला म्हणाले. "दिसण्यासारखं काही नाहीये इथं. ऐकू येईल असे उभे राहा." आणि फरहानला म्हणाले, "चल."

म्हशीच्या मालकाला हे अजिबात आवडलं नाही. "साहेब, तुम्ही का नाही घालत हात? मी पोरांच्या हाती द्यायला आणलीय का?"

"घालतो ना," सर म्हणाले. "हा अडला, की लगेच घालतो. मी इथंच बसलोय."

फरहानचा हात आत गेला. त्याच्या कपाळावर घाम आला, कळेनं त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. माझ्याही मनगटात कळ आली. सर डोळे मिटून बसले होते.

"सर, बहुतेक गुडघा वाकलेला..." फरहान म्हणाला आणि थांबला. बराच वेळ आत चाचपत राहिला. मालक पाय बदलत होता. सरांचा साबणाचा हात मांडीवरून उचलला गेला, बोटं हवेतच थोडी वाकली, जणू आतलं काहीतरी चाचपत होती, आणि पुन्हा मांडीवर गेली.

"सर," फरहान म्हणाला, "हे काय आहे ते मला माहीत नाही."

वर्गात पहिला येणाऱ्या त्या पोराच्या तोंडून हे वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. सरांनी डोळे उघडले. मास्क असला तरी ते हसले ते कळलं.

"छान," ते म्हणाले. "आता सांग, कसं आहे ते."

बराच वेळ लागला. मधे एकदा फरहानचा हात गळून गेला तेव्हा सरांनी मागं न बघता माझं नाव घेतलं, मग कोमल नावाच्या मुलीचं, जी चार वर्षांत वर्गात कधी तोंड उघडून बोलली नव्हती. आम्ही आळीपाळीनं आत गेलो आणि बाहेर येऊन जे लागलं ते सांगितलं. सर फक्त विचारत राहिले. शेवटी पारडू बाहेर आलं, आल्या आल्या कान फडफडवले, आणि मालकानं आधी फरहानला आणि मग आम्हा सगळ्यांनाच नमस्कार केला. सरांच्या पाया पडायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

मी हात धुवायला नळावर गेले तेव्हा सर तिथं आधीच उभे होते. त्यांच्या हातावरचा साबण वाळून पांढरा झाला होता आणि घासूनही लवकर निघत नव्हता. मी बाजूला थांबले. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं, नळाखालून सरकून मला जागा दिली आणि पुन्हा कोपर घासायला लागले. त्या दिवशी त्या हाताला साबणाशिवाय काहीच लागलं नव्हतं.